किड्यांच्या खोलीत नवरात्र

मंडळाचे सेक्रेटरी घरी आले आणि म्हणाले, "जगतापजी, यंदा दिवाळी अंकात तुमच्या नोकरीचे अनुभव द्या." मी म्हटलं, "साहेब, मला लिहिता कुठं येतं?" तर म्हणाले, "तेच तर पाहिजे. लिहिता येणाऱ्यांनी आतापर्यंत फार लिहिलं." आता ही माझी तारीफ होती की त्यांची, पता नाही, पण मी हो म्हणून बसलो. मागच्या वर्षी एकांनी बँकेतले अनुभव दिले, त्याच्या आधी एकांनी कोर्टातले. आणि यंदा मी. समुद्रातल्या किड्यांची लग्नं लावणारा माणूस.

बोलून मी राहिलो आहे, लिहून माझी मुलगी राहिली आहे. तिला सांगितलंय, भाषा सुधारू नको, नाहीतर लोकांना वाटेल नोकरी दुसऱ्याच कोणी केली. शाळेचं म्हणाल तर पाचवीत मी दोनदा बसलो. तिसऱ्यांदा बसायला गेलो तर मास्तर म्हणाले, जगताप, आता उठ. आमचे पूर्वज होळकरांच्या फौजेत होते असं वडील सांगायचे. कोणत्या हुद्द्यावर ते नाही सांगायचे, त्यावरून मला अंदाज आहे.

मी एका कॉलेजात अटेंडंट होतो. आधी ऑफिसात होतो. साहेबांना कोणी भेटायला आलं की "साहेब नाहीत" म्हणून सांगायचं, हे माझं काम. मी सांगायचो, आणि नेमके त्याच वेळी साहेब मागून बाहेर यायचे. हे दोन-तीनदा झालं तेव्हा मला प्राणीशास्त्राच्या डिपार्टमेंटला पाठवून दिलं. तिथं सगळं बाटल्यांमध्ये भरलेलं असतं, कोणी कोणाला भेटायला येत नाही.

पण तिथं जिवंत किडेही होते. समुद्रातले.

लोक विचारतात, इंदूरात समुद्राचे किडे? मी म्हणतो, इंदूरात काय नाही भिया, समुद्र सोडून. तर समुद्र आम्ही बनवायचो. नळाला नर्मदेचं पाणी येतं, ते ड्रममध्ये भरून ठेवायचं, त्यातली औषधाचा वास मारणारी हवा उडू द्यायची, मग समुद्राचं मीठ येतं थैलीत, ते मापानं घालायचं आणि काठीनं ढवळायचं. एकदा ती थैली संपली होती. मी मल्हारगंजात गेलो आणि किराण्याच्या दुकानातून घरातलं मीठ आणलं. मीठ ते मीठ. त्या दिवशी जे किडे गेले ते माझ्या हातचे पहिले. शेवटचे नाही.

हे किडे दिसायला कसे, तर गांडुळाला दोन्ही बाजूंनी बारीक बारीक पाय लावले तर जसं दिसेल तसे. बोटाच्या दीड पेराएवढे. प्लास्टिकच्या डब्यात राहतात, आपल्याच लाळेची नळी विणतात आणि तिच्यात पडून असतात. खायला पालक. मी एकदा म्हटलं रोज रोज पालक बिचारे कसे खातात, म्हणून थोडी शेव चुरून टाकली. बारीक, बिनतिखटाची. पाण्यावर तेलाची साय आली. दुबे सर आमचे हेड, ते म्हणाले, "जगताप, इनको भी इंदौरी बनाओगे क्या?"

आता धंद्याची गोष्ट सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

हा किडा आयुष्यात एकदाच लग्न करतो. वेळ आली की खाणं सोडतो. डोळे मोठे होतात, अंग बदलतं, मादी पिवळी होते, नर पुढून पांढरा आणि मागून लाल. मग नळी सोडून वर येतो, पाण्यात गोल गोल फिरतो, मादी अंडी सोडते, नर आपलं सोडतो, आणि दोघंही मरतात. वरात आणि मयत एकाच मांडवात. यात अडचण काय, की एकटा वर आला तर फुकट मेला. इतक्या मोठ्या समुद्रात सगळ्यांनी एकाच वेळी वर यायला पाहिजे. त्यांच्याकडे पंचांग नाही, भटजी नाही. तर मुहूर्त ते पाहतात उजेडावरून आणि पाण्याच्या उबेवरून. पाणी कोमट असलं की लवकर वाढतात, थंड असलं की आळस करतात. दिवस केवढा, रात्र केवढी, तेही मोजतात. आणि आमच्या जातीचे जे किडे होते ते चांदणंही मोजतात. रात्री काही दिवस चंद्र दिसला, मग चंद्र गेला, की त्यानंतर थोड्या दिवसांनी सगळे मिळून वर.

आमच्या खोलीला खिडकी नव्हती. सूर्य म्हणजे ट्यूबलाइटी, हवामान म्हणजे एसी, आणि दोन्हीवर देखरेख करणारा मी. घड्याळाचा एक डबा होता, तो ट्यूबा आपोआप लावायचा आणि विझवायचा. किडे वर येतात अंधारात. पण मॅडम लोकांनी रात्रभर कॉलेजात कुठं बसायचं, म्हणून आम्ही दिवस-रात्र उलटी करून टाकली होती. बारा वाजता दुपारी आमच्या खोलीत रात्र व्हायची, संध्याकाळी पहाट. बघायचं असलं तर टॉर्चला लाल पन्नी लावायची, लाल रंग त्यांना नीट दिसत नाही. मी जेवायला बाहेर आलो की ऊन पाहून दचकायचो.

मुलीचं लग्न ठरवताना मुलाकडच्यांनी विचारलं, "आपण कशात आहात?" मी म्हटलं, "मी किड्यांमध्ये आहे." ते म्हणाले, "अरे वा, आमच्याकडे झुरळं फार झाली आहेत, एखाद्या रविवारी या." हे लिहिताना मुलीनं माझ्याकडे पाहिलं. लग्न झालं पण. झुरळं अजून आहेत.

उन्हाळ्याचं एक सांगतो. मे महिन्यात एसी बंद पडला. पाणी तापायला लागलं. डिपार्टमेंटमध्ये मी एकटा. मी धावत जाऊन बर्फ आणला आणि डब्यांमध्ये टाकला, माणसाला टाकतो तसा सरबतात. बर्फ विरघळला, पाणी थंड झालं, आणि समुद्र झाला फिका. बर्फ गोडं पाणी असतं हे मला माहीत होतं, पण त्या वेळी मला ते माहीत असल्याचं लक्षात नव्हतं. नंतर सर म्हणाले, थैली में भर के रखना था, गधे. तेव्हापासून मी पिशवीत भरून ठेवायचो. तेव्हापासून एसीही बंद पडला नाही.

बाहेर माझी थोडी ख्याती झाली होती. ती मीच केली होती, चहाच्या टपरीवर. एक दिवस गौतमपुऱ्याहून एक शेतकरी आला. म्हणाला, "भिया, सुना है तुम उजाले से जनावर की शादी करवा देते हो. मेरी भैंस तैयार नी हो री." आता माणूस इतक्या लांबून आलेला. नाही म्हणायला मला लाज वाटली. मी अगदी डॉक्टरासारखा म्हणालो, "गोठ्यात बल्ब लाव. दिवस मोठा कर." तो गेला. मग मी ऐटीत आमच्या डिपार्टमेंटच्या केतकी मॅडमला सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, "काका, म्हैस दिवस लहान व्हायला लागले की तयार होते. तुम्ही तिचा हिवाळाच येऊ दिला नाही." काही दिवसांनी तो शेतकरी परत आला. मी कपाटामागं जायची तयारी केली. तो मिठाई घेऊन आला होता. "भैंस तो नी हुई भिया, पर उसी कोठे में मुर्गियाँ हैं, अंडे इत्ते दे री हैं कि पूछो मत!" कोंबडीला मोठा दिवस चालतो म्हणे. प्रत्येक जनावराचा हिशोब वेगळा. मी मिठाई ठेवून घेतली.

आता केतकी मॅडम. आमच्या सुदामा नगरच्याच, मराठी मुलगी, पीएचडी करत होती. मला काका म्हणायची, मी तिला मॅडम म्हणायचो, दोघांनाही ते विचित्र वाटायचं नाही. तिचं सगळं काम चंद्रावर होतं. तिनं खोलीच्या मधोमध जाड काळा पडदा लावला होता. एका बाजूला महिन्यातून एक आठवडा अंधाराच्या वेळी एक अगदी मंद बल्ब जळायचा. तो चंद्र. ती चांदण्याची बाजू. दुसऱ्या बाजूला काही नाही, ती अंधारी बाजू. चांदण्याच्या बाजूचे किडे एकदम वर यायचे, आणि अंधाऱ्या बाजूचे आज एक, परवा दोन, मन मानेल तसे. हे तिला पुन्हा पुन्हा करून दाखवायचं होतं, म्हणजे परीक्षक मानले असते. बऱ्याच वेळा झालं होतं. एक शेवटची पाळी राहिली होती.

आणि नेमकी खोली जाणार होती. सरांनी तिथं कॉम्प्युटर लावायचं ठरवलं होतं. खोकी येऊन गॅलरीत पडलेली होती, आम्ही त्यांच्यावर बसून डबे खायचो. सर तिला म्हणाले होते, "दिवाली तक निपटाओ, केतकी. उसके बाद मुझे कमरा चाहिए." शेवटची पाळी बिघडली तर तिचं सगळं काम अर्धवट राहणार होतं. किडे दुसरीकडे नेता येत नव्हते, अशी एसीची, बिनखिडकीची खोली कॉलेजात दुसरी नव्हती.

त्यात नवरात्र आलं. आमच्या घरी घट बसतो आणि नऊ दिवस अखंड दिवा असतो. तो विझू द्यायचा नाही, आणि घर सोडून जायचं नाही. हे सगळं माझी बायको सुमन पाहते, मी फक्त आरतीला टाळ्या वाजवतो, त्याही चुकवतो. पण त्या वर्षी मुलीचं दुसरं बाळंतपण होतं, भोपाळला, तिच्या सासरी. म्हणजे हीच, जी लिहून राहिली आहे. सुमन तिकडे गेली. जाताना मला बजावून गेली, "दिवा सोडून हलायचं नाही. एक वेळ तुम्ही विझलात तरी चालेल."

इकडे मॅडमला ताप आला, अंथरुणातून उठवेना. कॉलेजला दसऱ्याची सुट्टी. किड्यांना पालक घालायला, पाणी बदलायला मी एकटा. त्यांनाही सोडून चालत नव्हतं. आता एक माणूस, दोन ठिकाणी कसा बसणार? घट एकदा बसवला की हलवत नाहीत, किडे पण हलवत नाहीत. मी पुष्कळ विचार केला. माझ्या विचाराला जेवढा वेळ लागतो तेवढा तरी केला. आणि घट कॉलेजातच बसवला.

कुठं बसवला, तेही सांगतो. चांदण्याच्या बाजूला एसीचा वारा यायचा, तिथं दिवा टिकेना. पडद्याच्या पलीकडे थंडावा यायचा पण वारा नाही. म्हणजे अंधारी बाजू. मी तिथं कोपऱ्यात पत्रावळीवर माती, मातीमध्ये गहू, वर कलश, सगळं नीट मांडलं आणि दिवा लावला. अगदीच अक्कल नव्हती असं नाही. उजेड चालत नाही हे मला माहीत होतं. म्हणून तेलाचा पत्र्याचा डबा कापून दिव्याच्या आड उभा केला. थोडा उजेड भिंतीवरून यायचा, पण मी म्हटलं, एवढासा देवीचा दिवा, याला काय उजेडात धरायचं? कॉलेजातच चटई टाकली आणि नऊ दिवस राहिलो.

रोज दुपारी दोन फोन यायचे. आधी भोपाळहून.

"दिवा जळतोय ना?"

"एकदम जळतोय."

"खरं सांगा."

"अगं समोर बसलोय, माझ्या डोळ्यांनी पाहून राहिलोय."

मग थोड्या वेळानं मॅडमचा, आवाज बसलेला.

"काका, अंधार आहे ना नीट?"

"एकदम काळाकुट्ट, मॅडम."

"पडद्यामागं पण?"

"तिथं तर विचारूच नका."

दोन्ही बायकांना मी हो म्हटलं, एकाच खोलीत बसून, आणि मला कुठंही खोटं बोलल्यासारखं वाटलं नाही. ऑफिसात हे जमलं असतं तर बदली झाली नसती. वर रोज आरती झाल्यावर देवीला हात जोडायचो, की आई, या किड्यांचं एकदाचं होऊन जाऊ दे, मॅडमचं भलं होईल.

दसऱ्याला घट उठवला. दिवा उचलला, जागा पुसली, वॉचमनला आपट्याची पानं दिली आणि घरी गेलो. सुमन परत आली. मॅडमही कामावर आल्या. मॅडमनं चांदण्याच्या बाजूला आपला मंद बल्ब लावायला सुरुवात केली, कारण त्या बाजूचा चंद्र दसऱ्यानंतर उगवायचा होता.

मग एक दिवस दुपारी, म्हणजे खोलीतल्या रात्री, आम्ही लाल टॉर्च घेऊन पडद्यामागं गेलो. आणि पाहतो तर अंधारी बाजू सगळी वर आलेली. प्रत्येक डब्यात किडे गरगर फिरत होते, जणू कोणी चमच्यानं ढवळतंय. असं मी त्या बाजूला कधी पाहिलं नव्हतं. मी टाळी वाजवली. "मॅडम, बधाई हो!"

"काका, गप्प बसा."

"अहो पण सगळेच्या सगळे..."

"तेच तर. ही बाजू नाही यायला पाहिजे अशी. यांना चंद्र नव्हता." तिनं पडदा बाजूला करून पलीकडे पाहिलं. चांदण्याची बाजू आपापल्या नळीत निवांत पडलेली.

तिनं सरांना बोलावलं. सर आले, पाहिलं, आणि म्हणाले, "मैं तो पहले से कह रहा था. चाँद-वाँद कुछ नहीं, इत्तफ़ाक है. बिना चाँद के भी आ गए ना?" आणि गेले, कारण त्यांना मीटिंग होती.

मॅडम उलटी बादली ओढून तिच्यावर बसली. रडली नाही. एक एक डबा पाहत राहिली. मग म्हणाली, "काका, पंप बंद करा. इतक्या वर्षांचं माझं सगळं चुकलं. उद्यापासून खोली रिकामी करू."

मी डब्यांत हवा सोडणाऱ्या पंपापाशी गेलो, पण मला काही पटेना. म्हटलं, "असं कसं चुकेल मॅडम? मी नऊ दिवस रोज हात जोडले."

"कुणाला?"

"देवीला. म्हटलं किड्यांचं होऊ दे."

"बरं. घरी."

"घरी नाही, इथंच. घट इथंच बसवला होता ना."

"इथं म्हणजे कॉलेजात?"

"इथं म्हणजे इथं. तुम्ही बसलात त्याच्या मागं, कोपऱ्यात."

ती बादलीवरून हळूच उठली. कोपऱ्यात टॉर्चचा उजेड टाकला. मग माझ्यावर टाकला.

"आणि दिवा?"

"अखंड!" मी छाती पुढं काढली. "एक मिनिट विझू दिला नाही, मॅडम, कसम से."

मला वाटलं आता ती ओरडेल. मी दाराकडे पाहून घेतलं. पण ती म्हणाली, "काढला कधी?"

"दसऱ्याला, संध्याकाळी."

तिनं बोटांवर मोजलं. परत मोजलं. मग म्हणाली, "काका, माझा बल्ब विझवल्यावर जितक्या दिवसांनी हे वर येतात, तितकेच दिवस झालेत." आणि मग ती हसत होती की रडत होती, ते लाल उजेडात मला कळलं नाही. मी पंप चालूच ठेवला.

म्हणजे झालं काय, की मी त्यांच्या काळोखात नऊ रात्री चंद्र उगवून ठेवला होता. समईतला. किड्यांनी तो खरा मानला. मी देवीकडे मागितलं ते देवीनं दिलं, फक्त माझी बाजू चुकली.

पण असं एकदा चुकून झालेलं कागदावर चालत नाही. मॅडम म्हणाली, परत करून दाखवावं लागेल. यावेळी बाजू बदलायच्या. जुनी चांदण्याची बाजू, तिथं बल्ब काढून हाच दिवा, आणि दुसरी बाजू खरोखर अंधारी. दोन्हीकडे नवे किडे. त्याला तीन आठवडे तरी हवे होते, आणि खोली दिवाळीला जाणार.

आम्ही दोघं सरांकडे गेलो. मीच बोललो, म्हटलं माझंच आहे तर मीच बोलतो. सरांनी सगळं ऐकलं. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"जगताप, तुम आदमी हो कि आफ़त? लैब में अखंड ज्योत?"

"सर, पत्रा लगाया था."

"पत्रा लगाया था!" ते मॅडमकडे वळले. "और तुम परीक्षक को क्या बताओगी? कि चपरासी ने देवी बिठाई और कीड़ों ने मान ली?"

मॅडम म्हणाली, "सर, एक बार और कर लेने दीजिए. गलत निकला तो मैं खुद डिब्बे खाली करूँगी."

मी म्हणालो, "सर, गलती मेरी है, मैडम का साल क्यों जाए. बक्से मैं अपने घर रख लेता हूँ, कंप्यूटर के." ते कुठं ठेवणार होतो ते देवी जाणे.

सरांनी टेबलावरचं कॅलेंडर पुढं ओढलं. मग म्हणाले, "देवउठनी ग्यारस तक. उसके अगले दिन कमरा खाली. और एक शर्त है. ये आदमी उस कमरे के अंदर पैर नहीं रखेगा."

ग्यारस म्हणजे आपली कार्तिकी एकादशी, दिवाळीनंतर अकरा दिवसांनी. मान्य केलं. सरांचं चुकलं असं मी कुठं म्हणतो? मीही मला आत घेतलं नसतं.

आता दिवा तोच पाहिजे होता, तीच वात, तेच तेल. तो होता घरी देव्हाऱ्यात. सुमनला हे काहीच माहीत नव्हतं. मी रात्रीच्या जेवणात दोन पोळ्या जास्त खाल्ल्या, म्हणजे ती खूश होईल, आणि मग सांगितलं.

ती म्हणाली, "म्हणजे घट घरी नव्हताच?"

"दिवा जळत होता पण. मी खोटं नाही बोललो."

"माझ्या देवीला तुम्ही किड्यांमध्ये बसवलं. आणि आता तिचा दिवा मागताय. किड्यांसाठी."

"केतकीसाठी गं. तिचं अडलंय."

सुमन ताट उचलून आत गेली. बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला, साध्या भांड्यांना लागतो त्यापेक्षा जास्त. सकाळी दिवा घासून, चिंचेनं चकचकीत करून ओट्यावर ठेवलेला होता, शेजारी वातींची पुडी. मला म्हणाली, "तिला सांगा, फुंकर मारून विझवायचा नाही. वेळ झाली की दुधाच्या थेंबानं शांत करायचा. तुम्हाला नाही सांगत आहे, तिला सांगते आहे."

मग सुरू झाली शेवटची पाळी. वाऱ्यासाठी मॅडमनं एसीच्या तोंडाला पुठ्ठा बांधला. दिवाळीची सुट्टी होती, वॉचमन सोडून कोणी नाही. ती आत, मी दाराबाहेर स्टुलावर. दाराच्या फटीत मी माझे जुने स्वेटर कोंबले होते, कारण बाहेर कधी रॉकेट उडेल सांगता येत नव्हतं, आणि एक चंद्र पुरे होता. मॅडम एवढी शिकलेली, पण वात तिनं कधी केलेली नव्हती. मी शिकलेला नव्हतो आणि आत जायला बंदी होती. मग आमचं असं चालायचं.

"काका, तडतडतोय!"

"वातीला पाणी लागलं असेल, दुसरी घ्या!"

"काका, छोटा होतोय!"

"तेल घाला! आणि वात थोडी पुढं सारा!"

"कशानं?"

"काडीनं! बोटानं नको!"

"आई गं!"

"बोटानं नको म्हटलं होतं!"

वॉचमन येऊन विचारून गेला, अंदर कोई बीमार है क्या.

एक आठवडा दिवा जळला. मग तिनं दुधाच्या थेंबानं शांत केला, सुमननं सांगितलं तसा. त्यानंतर फक्त वाट पाहायची. दिवाळी होऊन गेली. भाऊबीज झाली. मी रोज स्टुलावर. ती रोज दुपारी बाहेर यायची आणि मान हलवायची. नाही. अंधाऱ्या बाजूला एखादा वर यायचा, नेहमीसारखा, उगाच. दिव्याच्या बाजूला काही नाही. ग्यारसला संध्याकाळी ती बाहेर आली तेव्हा ऊस आणि बोरं घेऊन लोक रस्त्यानं जात होते. ती म्हणाली, "काका, दिवा फार बारीक होता का?" मी म्हटलं, "तेवढाच होता, मॅडम."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून कॉम्प्युटरची माणसं गॅलरीत येऊन बसली. खोकी उघडायला लागली. बारा वाजून गेले, खोलीत रात्र झाली. मग सर आले. मला म्हणाले, "हटो," आणि आत गेले, खोली रिकामी करून घ्यायला. त्यांच्या मागोमाग दार लागलं. मी माझे स्वेटर परत फटीत कोंबले, सवयीनं.

आतून काही आवाज येईना. कॉम्प्युटरवाल्यानं विचारलं, "भिया, कितना टाइम?" मी म्हटलं, "मला काय माहीत, मी बाहेरचा माणूस."

बऱ्याच वेळानं दार उघडलं. मॅडम होती. तिच्या हाताला तेल लागलेलं, गालावर काजळीचा फराटा. तिचं तोंड मला नीट वाचता येईना.

"काका," ती म्हणाली, "दिव्याची बाजू सगळी वर आहे. सगळी. अंधारी बाजू गप्प."

मी स्टुलावरून उठलो. "झालं?"

"झालं. या, पाहा."

"नको, मॅडम. सरांनी मला आत..."

तेवढ्यात आतून, पडद्याच्या मागून, सर ओरडले.

"जगताप! अंदर आना है तो आ, पर दरवाज़ा बंद कर! रोशनी आ रही है!"